पहिला अल्गोट

जुलै सरता सरता तळ्याचे पाणी इतके मागे हटले, की पन्नास वर्षांत कोणाच्या नजरेस न पडलेला तळ उघडा झाला. वर करडी, भेगाळलेली साय धरली होती. तिच्याखाली काय आहे ते फक्त घोड्यांच्या पायांना कळत होते. मका गुडघ्याएवढा होऊन पांढरा पडला होता. ओटाच्या लोंब्या फोल निघाल्या होत्या. कुरणातल्या गाई गवत संपवून आता त्याची मुळे हुंगत होत्या. येत्या हिवाळ्यासाठी वैरण म्हणून उरली होती ती तळ्याच्या काठाने आतवर पसरलेली लव्हाळी आणि बोरू, तेवढीच.

अल्गोट हॉगलुंड रोज पहाटे ब्लेंडा आणि स्टॅर्क या दोन्ही घोड्यांना तळ्याकाठी नेई, गुडघे टेकून बसे आणि आठही खुरांना, ते चिखलात रुतू नयेत म्हणून, लाकडी फळ्या आवळी. या फळ्या त्याच्या वडिलांनी, योनासांनी, तरुणपणी दलदलीतल्या कापणीसाठी स्वतः तासून केल्या होत्या. पाटाएवढ्या रुंद, वर लोखंडी कडी आणि चामड्याची वादी. त्या चढवायला पाऊण तास लागे. मग तो कापणीयंत्राच्या लोखंडी आसनावर बसे आणि बोरूच्या रांगांतून दिवसभर मागे-पुढे जात राही. बोरूच्या पानांनी हात कापत. चिखलाचा वास कपड्यांत, केसांत, शेवटी भाकरीच्या चवीतही उतरे. अल्गोट एकोणपन्नास वर्षांचा होता आणि यातल्या कशाचीही त्याने कधी तक्रार केली नव्हती.

सोमवारी त्याचा धाकटा भाऊ हिल्डिंग आगगाडीने आला, आणि मग मात्र अल्गोटला काहीतरी बोचू लागले.

हिल्डिंग दूरच्या गावी स्वीडिश लोकांनी काढलेल्या कॉलेजात शिकवत असे. इथल्या गावच्या चर्चच्या मंडळीला सप्टेंबरात पन्नास वर्षे पूर्ण होत होती, आणि पहिल्या घरांच्या हकिकतींचे पुस्तक लिहिण्याचे काम पाळकसाहेबांनी त्याच्यावर सोपवले होते. स्वीडनहून बोटीने येऊन इथे वसलेल्या पहिल्या नऊ कुटुंबांतले आता एकटे योनासच उरले होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. शनिवारच्या गाडीने सगळे कागद शहरात छापायला जायचे होते.

घरासमोरच्या पडवीत सावलीला खुर्ची मांडली गेली. योनास, जे एरवी रविवारीच दाढी करत, ते रोज सकाळी दाढी करून, काळा कोट घालून तिथे बसू लागले. आणि बोलू लागले.

हेच अल्गोटला सोसवेना. चाळीस वर्षे तो या माणसाच्या शेजारी कामाला जुंपलेला होता. दोघांनी मिळून धोंडे काढले होते, विहीर खणली होती, आडव्या आलेल्या वासराच्या पायाला दोर बांधून एकाच श्वासात ओढले होते. आणि या सगळ्या काळात योनास त्याच्याशी जे बोलले ते पात्याला धार आहे का, गाय फळली का, वारा कुठून आहे, एवढेच. अल्गोटची समजूत होती, की बापाजवळ शब्दच तेवढे आहेत. आता बोरूच्या गाडीवरून घरामागून जाताना त्याला पडवीतला आवाज ऐकू येई. बोटीवरच्या पिंपातले आंबलेले पाणी, वाटेत मेलेल्या म्हातारीला समुद्रात सोडताना खलाशाने वाजवलेली शीळ, तळ्याच्या काठात खोदून केलेले ते पहिले घर, त्याच्या छपरावर चरायला चढलेला बैल. म्हातारा हसतसुद्धा होता. अल्गोट लगाम सैल सोडी, आणि घोडे थांबले की त्याला स्वतःचीच लाज वाटून तो त्यांना उगाच हाकारी.

दुपारी तो कॉफीसाठी आला तेव्हा आवाज तुटल्यासारखा थांबला.

"काय सांगत होतात, बाबा?" अल्गोटने विचारले.

"काही नाही, जुनंपानं." योनासांनी बशीतल्या कॉफीवर फुंकर घातली आणि तोंडात धरलेला साखरेचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "पातं टिकलं का?"

"टिकलं."

"मग बरं."

"तू बाहेरच बस रे पायरीवर," अल्गोटची बायको टेक्ला आतून म्हणाली. "तुझ्या बुटांनी आख्खं तळं घरात यायचं. भावजी, तुम्हांला अजून एक वेलदोड्याचा पाव देऊ?"

"नको वहिनी, तिसरा झाला."

"अहो घ्या. लिहिणाऱ्याला जास्त भूक लागते म्हणतात. आमच्याकडे नुसती कापणारी माणसं, त्यांचं काय, तीही बोरू खातील!"

ती हसली, हिल्डिंग हसला, म्हातारासुद्धा हसला. अल्गोट पायरीवर बसून बुटाचा चिखल काडीने खरवडत राहिला. हिल्डिंगच्या बाह्या पांढऱ्या होत्या. मांडीवर वही होती, आणि पेन्सिल धरलेल्या त्याच्या बोटांवर एकही चीर नव्हती.

बुधवारी संध्याकाळी जेवताना हिल्डिंगने लिहिलेला भाग वाचून दाखवला. तो इंग्रजीत होता आणि फार सुरेख होता. त्यात पूर्वजांच्या ओठांवर सतत स्तोत्रे होती आणि प्रेअरीवरचा सूर्य प्रत्येक पानावर सोन्याचा होता. शेवटी घराण्याची माहिती होती: 'थोरला मुलगा अल्गोट शेती पाहतो.'

"पाहतो?" टेक्ला म्हणाली. "म्हणजे कुंपणावर बसून पाहतो का?"

"तशी रीत आहे वहिनी लिहायची. प्रत्येकाला एक ओळ."

"आणि मास्तरांना किती ओळी?"

"टेक्ला," अल्गोट म्हणाला, "बटाटे दे इकडं."

एका ओळीचे त्याला दुःख नव्हते, असे तो स्वतःला सांगत होता. पण त्याच वाचनात त्याने आणखी एक गोष्ट ऐकली होती. अल्गोटच्या आधी जन्मलेल्या मुलावर दोन पाने होती. स्वीडनहून आईच्या कडेवर आलेला, चार वर्षांचा होऊन पहिल्याच हिवाळ्यात गेलेला तो मुलगा. त्याचेही नाव अल्गोटच. मेलेल्या मुलाचे नाव मागाहून जन्मलेल्याला द्यायचे, ही त्या लोकांची चाल होती. गावात असे चौघे-पाचजण होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. दफनभूमीत लोखंडी क्रुसावर आपले नाव वाचतच अल्गोट लहानाचा मोठा झाला होता. उन्हाळी शाळेत अक्षरे शिकल्यावर त्याने पहिल्यांदा वाचलेला शब्द तोच. पण त्या पोराने बोटीवर खलाशाची टोपी पळवली होती, तो बैलाला 'काका' म्हणायचा, बापाचे हातमोजे कोपरापर्यंत घालून मिरवायचा, हे सारे त्याला आज ताटावर बसून, भावाच्या तोंडून, परक्या भाषेत कळत होते. मेलेल्याला दोन पाने आणि नांगरणाऱ्याला एक ओळ.

"फक्त शेवट नाही मिळत," हिल्डिंग वही मिटत हळूच म्हणाला. म्हातारा तोवर आपल्या खोलीत गेला होता. "बाबा रोज त्याच जागी येऊन अडतात. नाताळ झाल्यावर उत्तरेच्या जंगलात लाकूडतोडीला निघाले, पोरगा तळ्याच्या कडेपर्यंत पोचवायला आला. बस. पुढं विचारलं की तळ्याकडं बघत बसतात. दादा, आई तुला कधी काही बोलली होती?"

"नाही," अल्गोट म्हणाला.

हे खोटे होते. तो शेवट आईने त्याला सगळा सांगितला होता. तो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून, गोठ्यात, दोघे पाठीला पाठ लावून दोन गाई पिळत असताना, आई सांगे. थोडे आज, थोडे महिन्याने, पुन्हा तेच पहिल्यापासून. हिल्डिंग तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि पुढे तो कधी धार काढायला बसलाच नाही, त्याला पुस्तके होती. आईला जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्या घरात अल्गोटच्या मालकीची अशी, कोणी दिलेली, कोणी न मागितलेली, ती एकच वस्तू होती. बापाची बोट, बैल, समुद्र, हसू, सगळे त्या वहीत गेले. हे जाणार नाही. शनिवार कोरडा जाऊ दे. वहीत भोक राहू दे.

तो उठून गोठ्याकडे गेला. त्याला मनातल्या मनात एक कडवट सुख झाले होते, आणि त्या सुखाचीच त्याला किळस वाटत होती.

शुक्रवारी सकाळी वारा पडवीकडून तळ्याकडे वाहत होता. योनासांचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी खाली येत होता. शब्द कळत नव्हते, नुसते चढउतार. आज शेवटचा दिवस. म्हातारा आज पुढचे सांगेल का? सांगायला त्याच्याजवळ आहे तरी काय? अल्गोट ब्लेंडाच्या पुढच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. वादी ओली होऊन ताठरली होती, कडीतून जाईना. एक खूर झाला, दुसरा झाला. वरून हसण्याचा आवाज आला. त्याने उरलेल्या फळ्या लव्हाळीत फेकल्या. काठाची एकच पट्टी राहिली होती. ती उरकून घराच्या कोपऱ्याला उभे राहून ऐकता आले असते. इतक्या दिवसांत जमीन टणक झालीच असेल, असे त्याने ठरवून टाकले.

तिसऱ्याच फेरीला साय फुटली. ब्लेंडाचे मागचे पाय आधी गेले, मग ती सगळीच बसल्यासारखी खाली आली, पोटापर्यंत. काळा चिखल बुडबुडत वर आला. स्टॅर्क बिचकून बाजूला ओढू लागला आणि यंत्राचा दांडा कडकन मोडला. अल्गोटने उडी टाकली, चाकू काढला, स्टॅर्कचे ओढायचे पट्टे कापून त्याला मोकळे केले, आणि मग घोडीच्या मानेला मिठी मारून तिचे डोके चिखलाच्या वर धरून बसला. तिच्या नाकपुड्यांतून येणारी गरम वाफ त्याच्या गळ्यावर लागत होती.

"हिल्डिंग!" तो ओरडला. गेल्या पाच दिवसांत त्याने भावाला मारलेली ती पहिली हाक.

हिल्डिंग आला तो गोठ्याच्या कोरड्या फळ्या खांद्यावर घेऊन. त्याच्यामागून, काळ्या कोटात, हातात दोर घेऊन योनास उतरत होते. सात-आठ वर्षांत ते तळ्यावर आले नव्हते.

"फळ्या का नाही घातल्यास?" म्हाताऱ्याने पहिला प्रश्न केला.

अल्गोटने ब्लेंडाचे डोके आणखी वर उचलून धरले.

"पुढच्या दोन पायांत आहेत, मागच्या दोन पायांत नाहीत. घोडी काय पुढच्याच पायांनी चालते?" योनासांनी कोट काढून लव्हाळीवर टाकला. "हिल्डिंग, पोटाखालून फळी सार. असा नाही रे! आडवा हो, आडवा! चिखलाला छाती लाव. कॉलेजात शिकवत नाहीत काय हे?"

"नाही बाबा," चिखलात तोंड घालून हिल्डिंग म्हणाला. "पुढच्या वर्षी सुरू करणार आहेत."

अल्गोटला नकळत हसू आले. तिघांनी दोन तास झटून दोर पोटाखालून नेला, तो स्टॅर्कच्या गळपट्ट्याला बांधला, आणि म्हाताऱ्याने स्टॅर्कच्या कानाशी काहीतरी पुटपुटत त्याला एकेक पाऊल पुढे घेतले. ब्लेंडा ओरडली, तो आवाज माणसाच्या आवाजासारखा होता. मग चिखलाने तिला सोडले. ती काठावर येऊन थरथरत उभी राहिली आणि तिच्या अंगावरून काळे पाणी निथळत राहिले.

तिघेही तिथेच बसले. काठात एक खोलगट जागा होती, छप्पर केव्हाच खचलेली, आत खाजरी झुडपे माजलेली. तिच्या उतारावर सावली होती. ते पहिले घर होते. टेक्ला कॉफीची किटली घेऊन आली, तिघांचे अवतार पाहून म्हणाली, "आता कुणी कुणाला पायरीवर बसवायचं?" आणि कप ठेवून घोडीला पाणी दाखवायला गेली.

हिल्डिंगची पाठ, पांढऱ्या बाह्या, चष्मा, सगळे काळे होते. तरी त्याने हात गवताला पुसले आणि सदऱ्याच्या आतून वही काढली. अल्गोटने ते पाहिले. अंगाखाली दाबून चिखलात लोळतानाही याने ती जपली होती.

"इथं उभा होता," योनास एकाएकी म्हणाले. त्यांनी हनुवटीने कडेची जागा दाखवली. "माझे हातमोजे घालून. मी म्हटलं, दे ते, मला लागतील. त्यानं काढून दिले. मी घेतले. मार्च संपताना आलो. तुमच्या आईनं दार उघडलं. मी विचारलं, कुठाय? ती म्हणाली, घटसर्प. उत्तरेच्या बाजूला, बर्फात, पेटी होती आमची, स्वीडनची. जमीन गोठलेली, खणणार कोण! तिनं पेटीत ठेवला होता." ते थांबले. "पुढचं मला ठाऊक नाही."

हिल्डिंगने मान वर केली. "ठाऊक नाही म्हणजे?"

"मी विचारलं नाही. ती बोलली नाही. पुढं हा झाला, त्याचं नाव ठेवलं, आणि मग तर विचारायची सोयच राहिली नाही." म्हाताऱ्याने अल्गोटकडे न पाहता बोट केले. "ह्याला ठाऊक आहे."

अल्गोटने मान वर करून बापाकडे पाहिले.

"ती तुला सांगायची," योनास म्हणाले. "मी गोठ्याच्या बाहेर भिंतीला टेकून उभा राहायचो. चार-चार, पाच-पाच वर्षं उभा राहिलो आहे मी, थंडीतसुद्धा. आतून तिचा आवाज यायचा. धारेच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत. दार ढकललं की ती गप्प, तूही गप्प. मग मी म्हणायचो, गाय नीट दूध देते का." त्यांनी बोरूचे एक पान तोडले. "तुझा राग यायचा मला. एवढंसं पोर होतास, तरी यायचा. वाटायचं, माझं ते ह्याला देऊन बसली. तुझ्याशी दुसरं काही बोलायला गेलो की तेच ओठावर यायचं. म्हणून बोललोच नाही. ह्या मास्तराला काय, काही ठाऊक नाही, त्याला काहीही सांगता येतं. पाहुण्याला सांगतो तसं."

हिल्डिंगची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती हलली नाही. त्याच्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावर काय उमटले ते अल्गोटने पाहिले आणि ओळखले. गेले पाच दिवस ते त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होते. त्याला वाटले होते, भावाला असे कधी पाहिले तर बरे वाटेल. बरे वाटले नाही.

"दादा," हिल्डिंग म्हणाला, "मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास."

"म्हणालो."

"का?"

"एवढंच होतं माझ्याकडं."

वारा पडला होता. बोरूच्या न कापलेल्या पट्टीत एक पाखरू कर्कश बोलत होते. अल्गोटने पाहिले, म्हातारा विचारणार नाही. पन्नास वर्षे विचारले नाही, आताही विचारणार नाही. चिखलाच्या हातांनी गुडघे धरून तो नुसता बसून राहील, आणि उद्याची गाडी निघून जाईल, आणि एखाद्या हिवाळ्यात हाही जाईल. मग ते आपल्या एकट्याचे राहील. कोणाशीही बोलता न येणारे, पूर्णपणे आपले.

त्याने कप खाली ठेवला.

"पाच दिवस आजारी होता," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "घसा बंद झालेला. आईनं दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, वारा येऊ नये म्हणून, त्यामुळं आत अंधार. तो सारखा दाराकडं हात करायचा. आई म्हणायची, थंडी आहे रे, नको. पाचव्या दिवशी तिनं बघितलं की आता काही राहिलं नाही. मग तिनं चिंध्या उपसल्या आणि दार सताड उघडलं. बाहेर नुसतं बर्फ, तळ्यापर्यंत, आणि ऊन. इतका उजेड आत आला की तिलाच डोळे उघडवेनात. तिनं त्याला उचलून उंबऱ्यात धरलं. त्याला आवाज नव्हता. तिनं कान तोंडाशी नेला."

"काय म्हणाला?" योनासांनी विचारले.

"म्हणाला, बाबा आला."

म्हातारा खचलेल्या घराच्या दाराच्या जागेकडे पाहत राहिला.

"आई म्हणाली, हो, आला. मग ती तशीच उभी राहिली. किती वेळ ते तिला आठवत नव्हतं. चूल विझली होती म्हणाली."

हिल्डिंग लिहीत होता. पेन्सिल कागदावर घाईघाईने चालली होती. आपले जे काही होते ते ओळीओळीने त्या वहीत उतरताना अल्गोट पाहत राहिला. हिल्डिंगने थांबून विचारले, "आकाशातल्या बापाला उद्देशून म्हणाला असेल का? तसंही लिहिता येईल. वाचणाऱ्याला..."

"नाही," अल्गोट म्हणाला. "ह्या बाबाला. तसंच लिही. सूर्य सोन्याचा करू नकोस. नुसतं ऊन होतं."

हिल्डिंगने त्याच्याकडे पाहिले आणि एक शब्द खोडला.

योनासांनी आता तोंड वळवले. आयुष्यात पहिल्यांदाच बापाची नजर इतक्या जवळून, इतका वेळ अल्गोटच्या चेहऱ्यावर थांबली होती. निळे, पाणावलेले, चिखलाच्या चौकटीतले ते डोळे त्याच्या कपाळावर, गालावर, तोंडावर फिरत होते. यासाठी अल्गोट चाळीस वर्षे थांबला होता. आणि त्याच क्षणी त्याला कळले, की ते डोळे त्याला पाहत नाहीत. त्याच्या एकोणपन्नास वर्षांच्या चेहऱ्याआड कोणीतरी उंबऱ्यात धरलेले आहे, त्याला शोधत आहेत. त्या चार वर्षांच्या पोराचा त्याला शेवटचा, खोलवर हेवा वाटला.

"पुन्हा सांग," म्हातारा म्हणाला.

हिल्डिंगने पेन्सिल खाली ठेवली. तळ्याच्या काठी मोडका दांडा पडला होता, एक पट्टी कापायची राहिली होती, सूर्य कलायला लागला होता.

"पाच दिवस आजारी होता," अल्गोटने सुरुवात केली.